पडू दे गिन्नी!

सराफाच्या दुकानातला केर कधी फेकत नाहीत. तो पोत्यात साठवतात. मग झारेकरी येतो, केर विकत घेतो आणि धुऊन त्यातले सोन्याचे कण काढतो. आमच्या कर्जतच्या दुकानातले किस्से असेच केरात साठलेत. मी फक्त झाडता झाडता वेचले.

दुकान काकांचं. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, कॉलेजात घातलं आणि बी.ए. झाल्यावर "नोकरी लागेपर्यंत बस इथंच" म्हणून शेजारी बसवलं. धंदा दागिन्यांचा, पण काकांचा जीव इंग्रजांच्या वेळच्या सोन्याच्या नाण्यांत, गिन्न्यांत! तरुण राणी, म्हातारी राणी, दाढीवाला राजा, सगळे त्यांच्या मखमली डबीत. रविवारी दोन मित्र हजर: शिळफाट्याचे टायरवाले हसनभाई आणि मोहोपाड्याच्या कारखान्यातले केमिस्ट साने. तिघांचा नियम एकच. मुंबईहून विकत आणायची नाही. आपल्या मुलखातल्या घरातून, आपल्या पायांनी दुकानात चालत येईल तीच गिन्नी!

*

पहिल्याच दिवशी काकांनी माझ्या तळहातावर एक गिन्नी ठेवली. तेवढ्यात स्टेशनात इंजिनानं शिट्टी मारली. मी अशी दचकले की गिन्नी थेट शहाबादी फरशीवर! खण्ण...

मला रडूच फुटायचं बाकी होतं. काका मात्र डोळे मिटून नाद ऐकत होते.

"पास!" ते म्हणाले. "अगं, रडतेस काय? आपटल्याशिवाय खरी-खोटी कळते का?"

तेव्हापासून कुणी गिन्नी आणली की हसनभाई म्हणायचे, "ताईच्या हातात द्या. आपोआप पडेल!"

आणि पडायचीच. कधी सायकलच्या घंटीनं, कधी सानेंच्या शिंकेनं. आयुष्यभर ज्या हातांना सगळ्यांनी "धांदरट" म्हटलं, त्यांना या तिघांनी कामाला लावलं.

*

सानेंना हे आपटणं अजिबात पसंत नव्हतं. "कडा खराब होतात हो! शास्त्रीय पद्धत वापरा." त्यांची पद्धत म्हणजे पेल्यात पाणी, त्यात गिन्नी, मग वजनाची आकडेमोड.

एकदा ते कागदावर गणित मांडत बसले आणि उन्हातून आलेल्या हसनभाईंनी समोरचा पेला उचलून तोंडाला लावला. खाली ठेवला तेव्हा त्यांच्या दातांत राणी!

"साने," त्यांनी ती काढून पुसली, "खरी आहे. दाताला कळलं."

*

सोन्याच्या कायद्याचे दिवस; कुणाकडे किती सोनं, याचा सरकारला हिशोब द्यावा लागे. काकांचं सगळं रीतसर होतं, पण मला कायम झडतीची धास्ती. एकदा मी एकटीच गिन्न्या पुसत होते आणि दारात खाकी कपडे! मला काय सुचलं देव जाणे, हातातली गिन्नी मी जिभेखाली टाकली.

हवालदार म्हणाले, "ताई, आमच्या मंडळींची नथ झाली का?"

मी म्हटलं, "हूं."

"कधी न्यायला येऊ?"

"हूं हूं."

इतक्यात काका आले. हवालदारांनी हळूच विचारलं, "मुकी हाय का हो पोर?"

काकांनी माझ्या गालाकडे पाहिलं. चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता म्हणाले, "छे हो. आज तिचं मौन आहे."

*

खालापूरकडच्या एका भातशेतीवाल्या मामांनी झकास गिन्नी दाखवली. काका खूश. "उद्या घेऊन या. वजनापेक्षा जास्त देतो."

दुसऱ्या दिवशी मामा हसतमुखानं आले. गिन्नी राखेनं घासून लखलखीत केलेली, आणि राणीच्या डोक्यावर डाख देऊन जोडलेली कडी!

हसनभाईंनी कपाळाला हात लावला. "मामा, हे काय केलंत?"

"येवढं जादा देताय तुमी, मंग नुसतीच कशी आणू?" मामा म्हणाले. "गल्यात घालाया बरी!"

कडी लागली की संग्रहाच्या दृष्टीनं गिन्नी संपली. पण काकांनी ठरलेली किंमत मोजली आणि कडीबद्दल आभारही मानले. ती गिन्नी आज माझ्या गळ्यात आहे.

*

काकांच्या डबीत एक खाच रिकामी होती, ढालीची. बाकीच्या गिन्न्यांच्या पाठीवर घोडेस्वार. ही जुनी, हिच्या पाठीवर ढाल. उमेदवारीच्या काळात त्यांनी एकदाच पाहिलेली.

मग काचबिंदू निघाला. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेलीही जात राहील. चारी बाजूंनी अंधार सरकत होता. मी विचारलं की काका म्हणायचे, "मधोमध गिन्नीएवढं दिसतं अजून. पुष्कळ झालं." साने म्हणाले, ढालीची गिन्नी मुंबईहून आणतो. काकांनी मान हलवली. नियम म्हणजे नियम!

आणि एका रविवारी कडावकडची एक म्हातारी आली. पदराची गाठ सोडून म्हणाली, "शेट, इकायची नाय हां. सासूनं दिलेली हाय. सून म्हनते पितल हाय. खरी का खोटी तेवढं सांगा, न् खरी असली तर कडी लावा. नातीच्या गल्यात घालायची हाय."

मी उलटून पाहिली. ढाल!

मी ती काकांना दिली. काका दाराशी उजेडात गेले. डोळ्याजवळ धरून, इकडून तिकडून फिरवून पाहत राहिले. साने उठून उभे. हसनभाई टोपी सारखी करत होते.

"काय झालं?" म्हातारी घाबरली. "खोटी हाय का?"

काकांनी गिन्नी माझ्या हातावर ठेवली. "टाक."

माझी मूठ मिटली.

"टाक गं!"

बाहेर टेंपोनं कर्कश हॉर्न दिला. मी दचकले, अंगभर दचकले. मूठ आणखीच घट्ट!

काका हसले. "मावशी, खरी आहे. आमच्या पोरीच्या हातून सुटत नाही."

"मंग लावा कडी."

"लावतो," काका म्हणाले. आणि माझ्या मिटलेल्या मुठीवर हात ठेवला.

म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग रिकाम्या पदराला परत गाठ मारली. "आज नको. चार दिसांनी लावा. तवर ठेवा तुमच्याकडं, न् बघा हवी तेवढी."

ती पायरी उतरली तेव्हा मी भानावर आले. "अहो आजी, पावती!"

म्हातारी वळली. "पावती कशाला गं बाय? तुजी मूठ बघितली ना मी!"