फाटकाच्या अलीकडे

गोदीत कुणी जखमी झाला की त्याला उचलून आधी फाटकाबाहेर न्यायचं, ही कामगारांच्या टोळीची जुनी रीत. आत गाडीची वाट बघत बसलं तर माणूस हातचा जायचा! क्रेनला खालून हातानं इशारे देणाऱ्या इशारेवाल्यालाही तसंच नेलं. क्रेननं उचललेल्या मालाच्या पेटीखाली त्याच्या पायाचा चेंदामेंदा झाला होता, तोंडातून शब्द फुटत नव्हता. रस्त्यावरच्या लोकांनी त्याला दवाखान्यात पोचवलं आणि झालं, अपघात रस्त्यावरचा ठरला.

कायद्याचा हात फाटकापर्यंतच. आत लागलं तर भरपाई, बाहेर लागलं तर तुझं तू बघ. सुनावणीत कंपनीच्या वकिलानं नेमकं तेच धरलं. "हा चहाला बाहेर गेला होता, साहेब. ट्रकनं उडवला."

इशारेवाल्याच्या उरलेल्या तळपायाची आग मस्तकात गेली.

टोळी रोजंदारीवरची, कंपनीविरुद्ध कुणी तोंड उघडेना. खरं सांगू शकणारा उरला एकच माणूस, क्रेनवाला. वरून त्याला सगळा धक्का दिसायचा. शिवाय तो इशारेवाल्याचा साडू. पण घोडं इथंच अडलं होतं. इशाऱ्याशिवाय पेटी हलवायची नाही, हा क्रेनवाल्याचा नियम. इशारेवाला धक्क्यावर होता म्हटलं, की क्रेनवाल्यानं त्याचा इशारा मानला नाही हेही आलंच. म्हणजे नोकरीवर पाणी.

"भाऊजींच्या भरवशावर राहू नका," बायको निघताना म्हणाली होती. "ताईच्या घरात एकच पगार येतो."

"आपल्या घरात तोही येत नाही," तो करवादला होता.

"तुम्ही काय पाहिलंत?" सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी साडूला विचारलं.

साडू खिडकीकडे बघत राहिला. "वरून नीट दिसत नाही, साहेब."

खोटारडा! वरून त्याला खालच्याची मिशीसुद्धा दिसायची! इशारेवाला कुबडीवर रेटून उठला. धक्क्यावर दोघांचं बोलणं हातांनीच व्हायचं. त्यानं मूठ वळून वर धरली. थांब. त्या दिवशीच्या त्या मुठीबद्दल तो आजवर कुणाजवळ बोलला नव्हता, बायकोजवळही नाही.

साडूचा हात क्रेनचा दांडा ओढावा तसा झटकन मागे आला. मग तो खालीच बसला.

"अशीच मूठ धरली होती यानं. धक्क्यावर, माझ्यासमोर. कंपनीची घाई चालली होती. मी थांबलो नाही, साहेब."

वकील उठला, पण साहेबांनी लिहायला घेतलं होतं.

बाहेर पायऱ्यांवर साडूनं त्याच्या काखेत हात घातला. इशारेवाल्याला त्याचा राग येत होता आणि रडूही येत होतं.

"घरी काय सांगू रे मी?" साडूनं विचारलं.

"मी येतो ना," इशारेवाला म्हणाला. "आधी तुझ्या घरी जाऊ."