दोन बोटं सनस्क्रीन

रंगाऱ्याला उन्हाची भीती वाटू लागली ती मुलीच्या आजारपणापासून. त्याआधी ऊन म्हणजे त्याच्या धंद्यातला भागीदार होता. पुट्टी घासून झाली की तो सकाळच्या तिरप्या उन्हात गाल भिंतीला टेकवायचा, एक डोळा मिटायचा आणि सबंध भिंत पाहून घ्यायचा. दिव्याखाली लपलेला खळगा त्या उन्हात पकडला जायचा.

मग मुलीचे सांधे सुजले. ताप उतरेना. गालांवर लाल चट्टे उठले. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून तो तिला ठिपकी म्हणायचा, आणि आता डॉक्टरीणबाई त्या ठिपकीबद्दल बोलत होत्या. शरीराचा पहारेकरीच शरीरावर उलटलाय, त्या म्हणाल्या. औषधं देऊन त्याला झोपवू.

"पण ऊन त्याला जागं करतं. आणि पुन्हा जागा झाला, तर सांध्यांवर थांबेलच असं नाही. किडनीपर्यंत जाईल."

औषधांनी पहारेकरी झोपला. ठिपकी पुन्हा शाळेत जाऊ लागली. रंगाऱ्याची झोप मात्र उडाली ती उडालीच. लोकांच्या घरी रंग देताना तो खिडक्या मोजू लागला. फरशीवरचा उन्हाचा चौकोन पाय नसताना कसा पुढे सरकतो, खुर्चीचा पाय गिळतो, मग पलंगाकडे वळतो, हे त्यानं आधी कधी पाहिलंच नव्हतं.

"काय रे," त्याचा जोडीदार शिडीवरून म्हणायचा, "त्या उन्हाकडे भाडं थकलंय का तुझं? नुसता बघत बसलायस!"

रंगारी हसायचा, आणि सरकून त्या चौकोनात उभा राहायचा. उगाच. आपल्या अंगावर झेललं तेवढं कमी झालं, असं काहीतरी.

शाळेचा नियम पालकसभेत सांगितला गेला. कुठल्याशा मुलीनं मैत्रिणीची सनस्क्रीन लावली होती आणि तिचं तोंड सुजलं होतं, त्यावरून. यापुढे सनस्क्रीन घरूनच लावून पाठवायची. दुपारसाठी बाटली दप्तरात, नाव घालून. मुलांनी आपली आपण लावायची, दुसऱ्याला द्यायची नाही. बाई आठवण करून देतील, पण हात लावणार नाहीत. जबाबदारी पालकांची.

"मग तुम्ही कशाला आहात?" मागून एक बाप ओरडला.

"शिकवायला," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "तोंड धुवायलाही आम्हीच लागलो तर शिकवणार कोण?"

सगळे हसले. रंगारी हसला नाही. त्याला नियम पटला होता. दुसऱ्याच्या हाती भीती सोपवता येत नाही.

ठिपकीची आई कपडे धुण्याच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला जायची, म्हणून सकाळचं काम त्याचं. तिनं त्याला एकदा दाखवून दिलं होतं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत क्रीमची रेघ ओढायची. एवढं तोंडाला आणि मानेला.

"एवढं?"

"एवढं. कमी नाही. आणि कान विसरू नका, तुम्ही कोपरे विसरता."

"मी? कोपरे? तीस वर्षं रंगारी आहे मी."

"म्हणूनच सांगते. आपल्या घराचे कोपरे बघा एकदा."

पहिले काही महिने सगळं ठीक चाललं. मग एके संध्याकाळी दप्तर उचलताना त्याला ठिपकीच्या गणवेशाची बाही दिसली. वाळलेल्या क्रीमनं पांढरी, कडक.

"पुसून टाकलंस?"

तिनं बाही पाठीमागे लपवली.

"ठिपके, बोल ना."

"सगळे म्हणतात, तुझ्या बापानं उरलेला रंग तुलाच फासला. एक जण म्हणतो, हात लावू नका रे, अजून ओली आहे."

रंगाऱ्याला हसू फुटणार होतं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच गार पडलं. म्हणजे आज दिवसभर ही उघड्या चेहऱ्यानं उन्हात होती. कालही? रागावून उपयोग नव्हता. शाळेच्या फाटकाआत गेल्यावर ती पुन्हा पुसणारच, आणि तिथे कुणी हात लावणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो लवकर उठला. घट्ट रंग भिंतीवर ओरखडे सोडतो, नुसता वर बसतो आणि पोपडे होऊन सुटतो. म्हणून पहिला हात नेहमी पातळ द्यायचा, तो मुरतो. हे त्याला कुणी शिकवलं होतं तेही आता आठवत नव्हतं, इतकं ते हातात भिनलं होतं. त्यानं वाटीत सनस्क्रीन काढली, पाणी घातलं आणि ब्रशच्या दांड्यानं ढवळली. आणखी थोडं पाणी. दुधासारखी झाली. ठिपकीच्या चेहऱ्यावर तिचा एक हात दिला, वाळू दिला, मग दुसरा दिला. पांढरेपणा कुठल्या कुठे गेला.

"बाबा, दिसतच नाही!" ती आरशात नाक घालून म्हणाली.

"मुरली आत. आता ती आपलं काम गुपचूप करणार."

शाळेची बाटलीही त्यानं तशीच भरली. बायकोपासून त्यानं काही लपवलं नाही. सांगण्यासारखं वाटलंच नाही, एवढंच. ती एकदा म्हणाली, "बाटली बरीच पुरली की या वेळी." तो म्हणाला, "हात बसलाय आता."

फोन आला तेव्हा तो छताला रंग देत होता.

"ठिपकीचे बाबा का? जरा या. लगेच या."

"पडली का?"

"नाही. तुम्ही या."

जोडीदारानं शिडी धरली म्हणून तो उतरला. खाली उतरल्यावर त्याला कळलं, ब्रश अजून हातातच आहे आणि रंग कोपरापर्यंत ओघळलाय.

"जा तू," जोडीदार म्हणाला. या वेळी त्याला काही विनोद सुचला नाही.

शाळेच्या आजाऱ्यांच्या खोलीत एक लोखंडी पलंग होता आणि पडदा ओढलेला होता. ठिपकी उताणी पडली होती. कपाळ, गाल, नाक, मान, सगळं पेटलेलं. रंगाऱ्याला शेडकार्डावरचे कितीतरी लाल नावानिशी पाठ होते. त्या क्षणी एकही नाव आठवेना.

"बाबा, मी लावलं होतं," ती म्हणाली. "खरंच लावलं होतं."

वर्गाच्या बाई दोन्ही हात पाठीमागे धरून भिंतीशी उभ्या होत्या. "धावण्याचा सराव लांबला. ती म्हणाली मलाही धावायचंय. मी बाटली काढायला लावली, तिनं माझ्या डोळ्यांदेखत लावली, मानेलासुद्धा. मी हात नाही लावला हो. नियम आहे." त्यांनी पलंगाकडे पाहिलं. "मान लाल दिसायला लागली तशी तिला आत आणली."

मुख्याध्यापिकांनी विचारलं, "सकाळी घरून लावून पाठवली होतीत ना?"

"हो."

"तुम्ही स्वतः?"

"स्वतः."

दोन्ही उत्तरं खरी होती. तरी ती देताना त्यानं दप्तराकडे पाहणं टाळलं. एक शंका आत शिरली होती आणि तिला बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

दवाखान्यात बायको कारखान्यातून तशीच आली, ओला अ‍ॅप्रन न सोडता. डॉक्टरीणबाईंनी ठिपकीचे घोटे दाबून पाहिले, बोटं वाकवून पाहिली, रक्त आणि लघवी तपासायला पाठवली.

"सकाळी लावलेली, दुपारी लावलेली, आणि तरी एवढं?" त्यांनी पेन उचललं. "मग हे नुसतं ऊन नाही. आजारानं डोकं वर काढलंय. अहवालाला वेळ लागेल, तेवढं थांबण्यात धोका आहे. औषध तिप्पट करते. आणि शाळा बंद."

ते औषध रंगाऱ्याला माहीत होतं. पहिल्या वर्षी त्याच औषधानं ठिपकीचा चेहरा असा फुगला होता की ती आरशापुढून खाली मान घालून जायची. रात्र रात्र रडायची, जिना चढताना मध्येच बसायची. त्यातून ती कशीबशी बाहेर आली होती.

बाटली दप्तरात होती. तो गप्प बसला असता तर कुणाला काही कळणार नव्हतं. पेन कागदाला टेकलं.

"मी त्यात पाणी घालायचो," रंगारी म्हणाला.

"कशात?"

"त्या क्रीममध्ये. पांढरी दिसायची, पोरं चिडवायची. म्हणून पातळ करायचो. रंगासारखी."

डॉक्टरीणबाईंनी बाटली मागून घेतली आणि तळहातावर उपडी केली. पांढरट पाणी मनगटावरून टेबलावर ओघळलं.

"कधीपासून?"

"सहामाही परीक्षा संपल्यापासून."

"पाणी घातल्यावर हिच्यात राखण्याइतकं काही उरत नाही. इतके दिवस पोर उघडीच फिरत होती."

इतके दिवस. रंगाऱ्याच्या डोळ्यांपुढे ते दिवस एकेक करून आले. रोज सकाळी फाटकाशी त्यानं तिचा हात सोडला होता आणि ती त्या लख्ख मैदानात पळत गेली होती. रोज तो निर्धास्त मनानं कामाला गेला होता.

डॉक्टरीणबाईंनी लिहिलेलं खोडलं. "औषध आहे तेवढंच ठेवू. अहवाल आल्यावर बघू. घोटे सुजले किंवा लघवीला फेस दिसला, तर त्याच पावली या."

बाहेर बायको एवढंच म्हणाली, "मला विचारलं का नाही?"

"विचारण्यासारखं वाटलंच नाही."

"तेच तर."

अहवाल येईपर्यंत घरातल्या खिडक्यांवर चादरी होत्या. रंगारी कामावर गेला नाही. तो तासातासाला ठिपकीचा घोटा अंगठ्यानं दाबायचा आणि पडलेला खळगा भरून येतो की नाही ते पाहत बसायचा.

"बाबा, गुदगुल्या होतात."

"होऊ देत."

"डॉक्टर तुला रागावल्या ना? मी पांढरं नको म्हटलं म्हणून?"

"तुझ्यामुळे नाही. मला वाटलं मला कळतं."

"आता मला शाळेत नाही पाठवणार?"

त्यानं दुसरा घोटा दाबला.

अहवालाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा का वाचतायत, या विचारानं रंगाऱ्याला खुर्चीचे हात घट्ट धरावे लागले.

"किडनी ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आज तरी. पुढच्या महिन्यात पुन्हा बघू, त्याच्या पुढच्या महिन्यातही. उद्यापासून शाळेत पाठवा. लांब बाह्या, टोपी, आणि क्रीम बाटलीत असते तशीच."

बाहेरच्या बाकावर बायकोनं पिशवीतून नवी बाटली काढली आणि त्याच्या हातात कोंबली. दारापलीकडे अंगणात दुपार पसरली होती.

"लाव."

तिनं त्याला 'लावा' म्हटलं नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं.

"मी?"

"मग कोण? मी पहाटे जाते. उद्या कोण लावणार आहे?"

ठिपकीनं डोळे मिटून चेहरा वर केला. रंगाऱ्यानं दोन बोटांवर रेघ ओढली. रेघ वाकडी गेली, म्हणून त्यानं पुन्हा ओढली. कपाळ, गाल, हनुवटी, मान. चेहरा पांढराफटक झाला. बाकावरचे लोक बघू लागले. ठिपकीची बाही चेहऱ्याकडे निघाली आणि अर्ध्यावर थांबली. तिनं हात मांडीखाली दाबून धरला.

"झालं?" तिनं विचारलं.

त्यानं बायकोकडे पाहिलं.

"डावा कान राहिला," ती म्हणाली.