सईच्या डोळ्यावरची पट्टी

आज नव्या चपलेनं सईच्या टाचेला फोड आला. मी चिकटपट्टीचं वेष्टन फाडलं आणि त्या वासासरशी सुदुंबऱ्याच्या सासरघरातली ती सकाळ समोर उभी राहिली.

सई तेव्हा चार वर्षांची होती. तिचा उजवा डोळा तिरळा, आणि त्याची नजरही अधू. तळेगावच्या डॉक्टरांनी चांगला डोळा चिकट पट्टीनं झाकायला सांगितलं, म्हणजे आळशी डोळ्याला बघावंच लागेल. उशीर झाला तर ही नजर यायची नाही, असंही ते म्हणाले होते.

पट्टी लावली आणि पोर अंगणातच थिजली. "आई, कुटं हाईस?" मी तर समोरच होते. मी हात पुढे केले, बांगड्या वाजल्या, तशी ती धावत येऊन बिलगली. मला हायसं वाटलं.

ओट्यावरून सासूबाई म्हणाल्या, "आवाजावर येतीय ती, बघून न्हाई. काढ त्या बांगड्या."

आणि हे त्या सांगत होत्या! कासाराकडे बांगड्या भरतानाही माझा हात क्षणभर मोकळा राहिलेला त्यांना खपत नसे.

बांगड्या उतरवून मी पुन्हा लांब उभी राहिले, श्वास रोखून. सई मान वाकडी करून शोधत राहिली. ओट्यावर सासूबाई हात जोडून काहीतरी पुटपुटत होत्या. कितीतरी वेळानं तिनं बोट दाखवलं, "लाल साडी!"

तेव्हा मला फक्त लेकीच्या डोळ्याची धास्ती होती. सासूबाई हात जोडून का पुटपुटत होत्या, ते आज उमगतं. बांगड्या माझ्या होत्या, पण ज्याच्या आयुष्यासाठी मी त्या घालायचे, तो त्यांचा मुलगा होता.