श्रीधरचे अकरा फॉर्म

२०१८ साल. मी सहासष्ट वर्षांचा होतो. यातलं एक अक्षर आजवर कुणाजवळ काढलेलं नाही — बायकोजवळ नाही, श्रीधरजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ काढतोय, कारण तुमची-माझी ओळख नाही. ओळखीच्या माणसापुढे माझी मान वाकत नाही, काय करणार? चौथी शिकलेला माणूस आहे मी. वाक्यं आडवी-तिडवी पडतील. पडू द्या.

श्रीधर माझा धाकटा भाऊ. पंधरा वर्षांनी धाकटा. वडील गेले तेव्हा तो रांगत होता. मी तोवर इंदूरच्या जुनी इंदूर भागात मोटरी बांधायच्या दुकानात लागलेलो — मतलब, पंपाच्या जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार काढायची आणि नवी भरायची. त्या कामावर मी त्याला शाळेत घातला, डिप्लोमा करवला. लोक म्हणायचे, दादानं बापासारखा वाढवला. ते ऐकायला मला फार आवडायचं. अजून आवडतं.

पुढे आमचं स्वतःचं वर्कशॉप झालं, मग शहराबाहेर शेड झाली, अकरा कारीगर झाले. आणि त्या साली श्रीधरनं रविवारचा कोर्स धरला. लीडरशिपचा. कामधंदा सांभाळून शिकणाऱ्यांसाठी, आठ महिन्यांचा. एक्कावन्न वर्षांचा माणूस, खांद्याला बॅग लावून कॉलेजात निघालेला. मी म्हटलं, "माणसं हाकायला शाळा लागते का रे?"

तो हसला. "हाकायला नाही लागत, दादा."

बस, एवढंच. पण मला ते लागलं.

कॉपीला, म्हणजे वहीला, त्यानं खाकी कव्हर घातलं होतं. पहिलीत असताना त्याच्या कॉपीला कव्हर मी घालून द्यायचो. आता विचारलंही नाही त्यानं. विचारायचं वय होतं का त्याचं? नव्हतं. तरी मी त्या कव्हराकडे बघत बसायचो. एका जन्मात या माणसाला दोनदा शाळा मिळाली. मला एकदाही धड नाही. आणि पहिली तर मीच दिलेली.

कोर्समध्ये शिकून त्यानं एक रीत सुरू केली. रोज सकाळी चहाच्या वेळी सगळ्यांना गोल उभं करायचं आणि विचारायचं — काल काय अडलं, तुम्हाला काय वाटतं. पहिले काही दिवस कारीगर माझ्याकडे बघायचे, बोलू की नको. मग एके दिवशी रामचरण बोलला. बेटम्याचा रामचरण, वीस वर्षं माझ्या हाताखाली. म्हणाला, टेस्टिंगचं टेबल उलट्या बाजूला आहे, प्रत्येक मोटर अख्खी शेड ओलांडून न्यावी लागते. टेबल हलवलं. सगळ्यांच्या कमरेला आराम पडला. वीस वर्षं तो ते ओझं वाहत होता, आणि मला कधी बोलला नाही. का नाही बोलला? मी कधी विचारलं होतं?

त्या दिवसापासून मी जळत होतो. दुसरा शब्द शोधत नाही.

पाचव्या महिन्यात श्रीधरनं फॉर्म आणले. हाताखालच्या माणसांनी त्याच्याबद्दल भरायचे, नाव न घालता, आणि बंद लिफाफ्यात त्याच्या कोर्सच्या मॅडमकडे जायचे. वीस प्रश्न, हिंदीत, पुढे एक ते पाच गोल. सात कारीगरांना वाचता येत नव्हतं. श्रीधर म्हणाला, "दादा, मी जवळ असलो तर ही माणसं खरं बोलायची नाहीत. तुम्ही भरून घ्या. तुमच्यापुढे खोटं बोलायची कुणाची हिंमत नाही."

हे त्याचे शब्द. जसेच्या तसे.

स्टोअरच्या खोलीत मी एकेकाला बसवलं. छोटे भिया, म्हणजे श्रीधर, तुमचं ऐकतात का? रामचरण म्हणाला, "पाँच लिखो बडे भिया. दस नहीं है क्या इसमें?" मानपुरचा कैलास म्हणाला, "पहले तो मुँह खोलने में डर लगता था." पहले म्हणजे कुणाच्या वेळी? मीच तर विचारत होतो त्याला, पेन हातात धरून. तो मोकळेपणानं माझ्या हाताकडे बघत होता, आणि मी मान हलवत दोनच्या गोलात खूण करत होतो. कुठे एकच्या. ज्या चौघांना वाचता येत होतं, त्यांचं नुसतं ऐकून घेतलं. फॉर्म ते गेल्यावर भरले.

फॉर्मच्या शेवटी विचारलं होतं, त्यांच्यात काय कमी आहे. तीन फॉर्मवर मी लिहिलं — घमंडी हैं. दर वेळी पेन बदललं, अक्षर वेगळं काढलं. रागाच्या भरात झालं म्हणावं, तर तीही सोय नाही. दोन दिवस लागले मला.

पुढच्या रविवारी संध्याकाळी तो कॉलेजातून आला आणि बूट न काढताच माझ्यासमोर बसला. त्यांच्या वर्गात प्रत्येकानं आपला निकाल उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवायचा असतो. त्यानं वाचला होता. म्हणाला, "दादा, मला वाटायचं माणसं मोकळी होतायत. मी मूर्ख. बरं झालं तुम्ही भरून घेतलंत, नाहीतर मला कधी कळलं नसतं."

तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य होतं. मी म्हटलं, "जाऊ दे रे. प्रत्येकाचा तो पिंड नसतो." आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला बरं वाटत होतं. पोटात कसं थंड-थंड. माझा भाऊ परत माझ्याकडे आला, असं वाटत होतं.

त्यानं कोर्स सोडला. तीन महिने उरले होते. आता तो केबिनमध्ये बसतो, दार लोटून, आणि कारीगरांना चिठ्ठ्या पाठवतो. कैलास दुसरीकडे गेला. घरी मात्र माझं ताट वाढल्याशिवाय श्रीधर अजून पाटावर बसत नाही.

त्या रविवारनंतरच्या सकाळी मी त्याच्या आधी शेडवर पोचलो. अकराही जण चहाचे ग्लास घेऊन गोल उभे होते, त्याची वाट बघत. मी म्हटलं, ये सब बंद, छोटे भिया ने बोला है, उनको तुम्हारी बकवास सुनने का टाइम नहीं.

रामचरण म्हणाला, "ऐसा बोला उन्होंने?"

मी म्हटलं, हाँ. आणि एकेकाचं नाव घेऊन कामं वाटून दिली.