आमचे पाय आणि चाकांचे बूट

आमच्या जुन्या टीममधल्या कुणाच्या घरी हळद असली की आम्ही मांडवाच्या कडेला बसतो, चपला काढतो आणि पाय पुढे पसरतो. मग एकमेकांच्या पायांकडे बघून जे सुरू होतं, ते पंगत उठली तरी संपत नाही. खेळलो आम्ही हॉकी, तेव्हा किस्से गोलांचे असायला हवेत. पण साठलेत ते बुटांचेच. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या मागून आणखी दोन निघतात, आणि मी मेली गप्प बसणाऱ्यांतली नाही.

हॉकी म्हणजे पायाला चाकं लावून खेळतात ती. नव्वदच्या दशकात शहापुरात ती कुणी पाहिलीही नव्हती. आमच्या खेळाच्या सरांनी कुठून तरी हे खूळ आणलं आणि भातगिरणीच्या अंगणात सुरू केलं, कारण एवढा मोठा गुळगुळीत कोबा आसपास दुसरा नव्हता. भात वाळत पडलं की आमची सुट्टी. सुरुवातीला पट्ट्यांचे लोखंडी स्केट्स होते. चावी फिरवली की लांब व्हायचे, कुणाच्याही पायाला बसायचे. पण बाहेर मॅच खेळायची तर चाकं बसवलेले बूटच लागतात असं कळलं, आणि तिथून आमचे हाल सुरू झाले.

*

सरांनी विचारलं, "तुमचा बुटाचा नंबर काय?"

कुणालाच सांगता येईना. बाजारात चपलेत पाय घालायचा, बसली की घ्यायची, एवढंच आम्हाला ठाऊक. शेवटी सर म्हणाले, घरी वर्तमानपत्रावर पाय ठेवा आणि पेन्सिलने आखून आणा.

बाळाराम मुरबाडचा, शहापुरात मामाकडे राहून शिकायचा. त्याचा कागद बघून सर चाट पडले. एवढासा पोरगा आणि पाय चांगला बाप्याएवढा! त्या मापाचे बूट आले. पहिल्याच मॅचला बाळारामने जोरात वळण घेतलं. बाळाराम वळला, बूट सरळ गेले.

सर तडक मामीकडे. मामी शांतपणे म्हणाली, "आमच्या मोठ्याचा पाय आखला, सर. वाढत्या अंगाचं घेतलं म्हंजे पुढच्या साली बी चालतील."

*

माझी तऱ्हा वेगळी. माझ्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे. अशी बाई नवऱ्याला धाकात ठेवते म्हणतात. आत्या सांगायची, "लग्न जमंपर्यंत पाय झाकून बस गो." इकडे सर दुकानात ओरडायचे, "पाय पुढे कर, बोट दाखव त्यांना."

मापाचा बूट घेतला तर ते बोट दुमडायचं. शेवटी एक नंबर मोठा घेतला आणि टाचेला कापसाची गादी शिवली. निभावलं. आत्याची भीती खरी ठरली का, ते आमच्या ह्यांना विचारा. माझी परवानगी घेऊन सांगतील.

*

आता रंजना. डोळखांबकडच्या पाड्यावरची, शाळेच्या वसतिगृहात राहायची. तिच्यासारखी खेळणारी आमच्यात दुसरी नव्हती, आणि हे मी सांगतेय, जिची जागा तिने घेतली.

लहानपणापासून बांधावर आणि चिखलात अनवाणी चाललेला तिचा पाय पुढून रुंद, बोटं सुटी सुटी, टाच बारीक. पुढून बसेल त्या बुटातून टाच निसटायची आणि टाचेला बसेल त्यात बोटंच शिरायची नाहीत. त्यात जिल्ह्याच्या टीमची निवड तोंडावर आलेली. बूट मिळाले नाहीत तर आमची सगळ्यात चांगली पोरगी मैदानाच्या कठड्याबाहेर उभी राहणार होती.

कल्याणच्या एका दुकानदाराने तिचा पाय उलटसुलट बघितला आणि म्हणाला, "सर, पोरीच्या पायातच दोष आहे."

सर एरवी गरीब माणूस. त्या दिवशी बूट काउंटरवर आपटून म्हणाले, "पाय बरोबर आहे. तुमचा बूट चुकलाय." रस्त्याने परत येताना आम्ही सगळेच छाती काढून चालत होतो, पायांत चपला होत्या तरी.

*

रंजनाच्या वडिलांना आम्ही काका म्हणायचो. बुटात ओले दाणे भरून ठेवले की ते फुगतात आणि बूट रुंद होतो, असं कुणीतरी काकांना सांगितलं. सरांनी मोठ्या विश्वासाने टाचेला बसणारा एक जोड त्यांच्या हवाली केला.

काकांनी घरातलं निवडक भात बुटांत भरलं, पाणी मारलं, वरून गोणपाट गुंडाळलं आणि दोन्ही बूट चुलीजवळ उबेला ठेवले. मग सगळं घर लग्नाला गेलं ते तिकडेच रमलं. परत येऊन बघतात तर बुटांना मोड! लेसच्या भोकांतून हिरवी पाती बाहेर आलेली.

सरांनी त्यातला एक बूट हातात घेतला आणि पाती उपटून आत बघितलं. आतलं अस्तर पार कुजलं होतं. काकांनाच राहवेना. म्हणाले, "बूट नाय राहिला सर, पन बियानं एक नंबर हाय."

*

शेवटी सर रंजनाला घेऊन मुंबईला गेले. तिथे एक चाचा पायाच्या आकाराच्या लाकडी साच्यावर स्केट्सचे बूट शिवायचे. त्यांच्याकडचा एकही साचा रंजनाच्या पायाशी जुळेना. मग चाचांनी एका साच्याला पुढून चामड्याचे तुकडे चिकटवले, तासले, परत चिकटवले, आणि तिच्या पायासारखा पाय तयार केला. साच्यावर ते गिऱ्हाइकाचं नाव लिहायचे. रंजना नावाची गिऱ्हाइकं त्यांच्याकडे आधीच होती, म्हणून त्यांनी गाव विचारलं आणि साच्यावर ठसठशीत लिहून ठेवलं, डोळखांब.

निवडीच्या दिवशी ती त्या बुटांत उतरली. आम्ही कठडा धरून उभे. तिने पहिलं वळण घेतलं आणि बूट तिच्याबरोबर वळले. मग ती कुणाच्या हाती लागलीच नाही. टीम जाहीर झाली, तिचं नाव सगळ्यात आधी वाचलं. सर चष्मा पुसत राहिले. मला इतका अभिमान वाटला की यादीत माझं नाव नव्हतं, हे मला घरी जेवायला बसल्यावर आठवलं.

*

पुढे काही वर्षांनी रंजना राज्याकडून खेळू लागली. बूट झिजले म्हणून ती चाचांकडे निघाली, सोबत मी. काकाही धुतलेला सदरा आणि टोपी घालून तयार. "पोरीचे बूट कुठं शिवतात ते बगू तरी."

चाचा रंजनाला घेऊन आतल्या खोलीत गेले. काका आणि मी बाहेर बाकावर. तेवढ्यात गाडीतून उतरून एक उंचापुरा खेळाडू आत आला. मांडलेल्यातला एक जोड त्याने पायात घातला, तोंड वाकडं करून काढला आणि आतल्या दिशेने ओरडला, "चाचा, ये आगे से दबता है. डोळखांब है क्या?"

आतून उत्तर यायच्या आधीच काका बाकावरून उठले. टोपी सारखी केली आणि त्याच्यासमोर जाऊन म्हणाले, "हाय ना. आमी डोळखांबचेच. कोनाकडं जायचाय तुमाला?"