‘तो’च्या जागी ‘ती’

“शोभा मॅडमची फाईल सॉफ्टवेअरनं परत फेकलीय. नसलेलं कोटेशन लावू नका म्हणावं,” आमचे मॅनेजर देशमुख सर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले.

काम काय ते आधी सांगतो. तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या पाद्र्यांची प्रवचनं छापलेली आहेत. त्यांत बायबलमधलं वाक्य कुठं आलंय ते हुडकायचं आणि त्याला पत्ता लावायचा. पत्ता म्हणजे कुठला अध्याय, कुठली ओळ. क्लायंट परदेशातला, आम्ही चिकलठाणा एमआयडीसीत. सॉफ्टवेअर आधी जुळवून बघतं. पण पाद्री आठवणीतून बोलायचे, स्पेलिंग मनाला येईल तसं. म्हणून शेवटी माणूस लागतो. त्या माणसांची टीम माझ्याकडं.

शोभा जाधव टीममधली सगळ्यात जुनी. एमए इंग्लिश, करमाडहून ये-जा करायची. दिवाळीच्या आधी तिची नववीतली मुलगी डेंग्यूनं गेली. तेराव्यानंतर ती कामावर आली आणि गप्प बसून काम करू लागली. अंत्यविधीची प्रवचनं तिच्याकडं जाऊ नयेत म्हणून मी बाजूला काढायचो. हे एक निसटलं. शीर्षकावरून कळत नव्हतं.

फाईल उघडली. बायबलमध्ये दावीद राजाचं तान्हं मूल मरतं, तेव्हा तो म्हणतो की आता मीच त्याच्याकडं जाणार, तो काही परत यायचा नाही. या पाद्र्यानं ‘तो’ काढून सगळीकडं ‘ती’ घातलं होतं. वाक्यही उलटंपालटं. सॉफ्टवेअरचा शेरा, ‘नो मॅच’. शोभानं दावीदाचा पत्ता लावलेला.

मी तिला कँटीनमध्ये बोलावलं.

“शोभाताई, ही फाईल मी करतो. तुम्ही दुसरी घ्या.”

“का? चुकलंय?”

“तसं नाही, पण...”

“मग राहू द्या माझ्याकडं. सर, मला रडू आलं म्हणून माझं चुकलं असं होत नाय. त्याची पोरगी गेलीय. पुढच्या पानावर नाव घेतलंय तिचं. पोरगी गेल्यावर बाप ‘तो’ कसा म्हणंल?”

मी पुढचं पान वाचलं. नाव होतं. त्याच्या पुढं माझ्यानं वाचवेना.

देशमुख सरांना दाखवलं. माणूस वाईट नाही. त्यांनी दोन्ही पानं वाचली.

“बरोबर आहे त्यांचं. पण इतके शब्द बदलले तर क्लायंट धरत नाही. उद्या एरर लागला तर मॅडमच्याच नावावर लागेल.”

“क्वेरी टाकतो सर.” क्वेरी म्हणजे क्लायंटला लेखी विचारणं.

“टाका. फार आशा ठेवू नका.”

उत्तर आलं. निरीक्षण उत्तम आहे, आभार; मात्र नियमात बसत नाही, पत्ता काढून टाकावा.

मी शोभाला सांगितलं. म्हटलं, पत्ता मी काढतो.

“नको. मीच काढते.”

तिनं तो काढला, फाईल सेव्ह केली, डबा पिशवीत घातला आणि करमाडची गाडी गाठायला निघून गेली. पुढं महिनाअखेरीस तिनं विम्याच्या फॉर्मच्या सेक्शनला बदली मागून घेतली. तिथं नुसते आकडे भरायचे असतात. मी थांबवलं नाही.

नव्या पोरांना शिकवताना मी एवढंच सांगतो. सॉफ्टवेअरला शब्द बदललेला दिसतो, का बदलला ते दिसत नाही. तुम्हाला दिसेल. पण आपल्या रिपोर्टमध्ये त्याला रकाना नाही.