चिकटलेली पाने

रॉकेलने धुतलेल्या हातांचा वास, आणि त्यावर उमललेला साबणाचा कोवळा गंध... महिन्यापूर्वी भाऊ गेल्याचा फोन आला, तेव्हा सर्वांत आधी हाच वास घरभर दरवळल्यासारखा वाटला.

सत्तरच्या दशकात आमच्या अनसिंग गावात माझा हा थोरला भाऊ सायकली दुरुस्त करत असे. विहिरींवर डिझेल इंजिने आली आणि त्याने त्यांच्या दुरुस्तीची विद्या शिकायचे मनावर घेतले. गुरू एकच, इंजिनासोबत आलेले इंग्रजी माहितीपुस्तक. तो चौथी शिकलेला, मी नववीत. संध्याकाळी हात धुऊन तो ओसरीवर बसे. शब्दकोश मांडीवर घेऊन मी एकेक ओळ मराठीत सांगे, आणि तो ती समासात पेन्सिलीने, मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरांत उतरवून घेई.

एकदा ग्रीस लागून दोन पाने चिकटली होती. मला उमगलेच नाही. वाक्य किती सहज पुढे गेले! इंजिनाच्या झाकणाचे नट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळावेत, हे त्या मिटल्या पानांत राहिले. भाऊने ते ओळीने, एका दमात आवळले. दुसऱ्या दिवशी झाकणाखालचे पॅकिंग फुटले, इंजिन बंद पडले आणि ओंबीवर आलेल्या गव्हाचे पाणी थांबले. शेताचे मालक दारात येऊन गरजले, "काय मिस्त्री, पोरीच्या भरोशावर इंजिन खोलून राह्यला का तू? उद्या तिलेच धाड विहिरीवर!"

"तिनं बराबर वाचलं, काका. हात माहा चुकला."

दाराआड मी थिजले. चिकटलेली पाने तोवर आम्हा दोघांनाही सापडली होती. आता हा मला पुन्हा कधी पुस्तकाजवळ बसवणार नाही... एवढेच मनात घुमत होते.

परवा त्याच्या अभियंता नातीने तेच पुस्तक संगणकाच्या पडद्यावर दाखवले. "आजी, बघ, अक्षर मोठं होतं, हवं ते शोधता येतं, बाजूला लिहिताही येतं." माझ्या थकल्या डोळ्यांना खरेच सुख वाटले. तिथे पाने चिकटतही नाहीत. मग मी भाऊचे पुस्तक उघडले. त्या पानाच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा तेलकट ठसा, शेजारी पेन्सिलीने लिहिलेले : 'इथं पानं चिकटतात. सुटी करून पाहा.' चूक कोणाची, याचा शब्दही नाही.

मालक गरजून गेले त्या संध्याकाळी मी चुलीपाशी लपले होते. भाऊने हात धुतले, मला ओसरीवर बोलावले, ती पाने पात्याने अलगद सोडवली आणि पुस्तक माझ्याकडे सरकवून म्हणाला,

"वाच."